‘गरोदरपणात बीपी वाढतंच’: एका समजुतीचा प्रतिवाद

गरोदर बाईचा रक्तदाब थोडाफार वाढणारच, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि दवाखान्याच्या बाकांवरही ती ऐकू येते. शरीराचा व्यवहार नेमका उलटा आहे. निरोगी गरोदरपणात रक्तदाब उतरतो. पहिल्या काही आठवड्यांतच संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात. अंगातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, हृदयाचे काम वाढते, आणि तरीही दाब खाली येतो. चौथ्या ते सहाव्या महिन्यात खालचा आकडा पाच-दहा मिलिमीटरने कमी भरतो. शेवटच्या तिमाहीत तो हळूहळू मूळ जागी परततो. ‘दिवस भरत आले की बीपी वाढतंच’ या वाक्यात फार तर एवढेच खरे, की सहाव्या महिन्यापेक्षा नवव्या महिन्यातला आकडा थोडा जास्त असतो. त्यापलीकडची वाढ हा गरोदरपणाचा स्वभाव नव्हे, बिघाड आहे.

या उताराची एक अडचणही आहे. एखादीला लग्नाआधीपासूनच उच्च रक्तदाब असेल आणि तिची पहिली तपासणी पाचव्या महिन्यात झाली, तर आकडा चक्क चांगला दिसतो. पुढे तो वाढला की नवाच आजार समजला जातो. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा असा आग्रह आरोग्यसेविका धरतात, त्यामागे हेही कारण आहे: मूळ आकडा ठाऊक नसेल तर नंतरच्या कोणत्याच आकड्याचा अर्थ नीट लावता येत नाही.

वैद्यकाने ठरवलेली रेषा साधी आहे. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, आणि तो किमान चार तासांच्या अंतराने दोनदा. दोहोंपैकी एक वाढला तरी पुरे. विसाव्या आठवड्याआधी ही रेषा ओलांडली गेली तर रक्तदाब जुना समजायचा. विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच वाढला आणि बाकी सारे ठीक असेल तर तो गर्भकाळातला उच्च रक्तदाब. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा मूत्रपिंड, यकृत, प्लेटलेट, फुप्फुस, मेंदू यांपैकी कशावर परिणाम दिसला, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया. शेकडा दोन ते आठ गरोदरपणांत तो होतो. झटके आले की एक्लॅम्प्सिया. आणि १६०/११० हा आकडा कोणत्याही नावाखाली असो, तासाभराच्या आत औषध मागणारा असतो, कारण त्या दाबाखाली मेंदूतली रक्तवाहिनी फुटू शकते.

‘सीमेवरचं आहे, पुढच्या महिन्यात बघू’ हा सल्ला याच ठिकाणी अंगाशी येतो. गर्भकाळातल्या साध्या उच्च रक्तदाबाचे निम्म्यापर्यंत बायकांमध्ये पुढे प्रीएक्लॅम्प्सियात रूपांतर होऊ शकते, आणि वाढ बत्तिसाव्या आठवड्याआधी दिसली असेल तर ही शक्यता अधिक. असे रूपांतर काही दिवसांतही होते. महिन्याभराची तारीख देणे म्हणजे तेवढे दिवस बाईला नशिबावर सोडणे. ‘लघवी स्वच्छ आहे, मग काळजी कशाला’ हे वाक्यही कालबाह्य झाले आहे. लघवीत प्रथिने असल्याशिवाय प्रीएक्लॅम्प्सिया म्हणायचेच नाही, ही अट अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढून टाकली. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या असतील तर लघवीच्या पट्टीचा रंग बदलण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

रक्तदाब का वाढतो, याचे घरगुती उत्तर ठरलेले असते: टेन्शन, चिडचिड, सासरचा जाच. सासरचा जाच कमी झाला तर उत्तमच, पण या आजाराचे मूळ तिथे नाही. ते वारेत आहे. गर्भधारणेच्या पहिल्या अठरा-वीस आठवड्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या पिळदार, अरुंद रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद, सैल करतात. त्यामुळे बाळाला मुबलक रक्त मिळते. काही बायकांत हे काम अर्धवट राहते. उपाशी राहिलेली वार मग आईच्या रक्तात अशी द्रव्ये सोडते की त्यांनी तिच्या सर्वांगातल्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते. त्यांपैकी एका प्रथिनाचे काम अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उलगडून दाखवले. दाब वाढणे, लघवीतून प्रथिने जाणे, यकृताला सूज येणे ही सगळी त्या एकाच बिघाडाची निरनिराळी टोके.

याचा पुरावा प्रयोगशाळेबाहेरही जुना आहे. द्राक्षगर्भात बाळ नसते, फक्त वारेची विकृत वाढ असते, आणि तरीही त्या बाईला प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो. तोही विसाव्या आठवड्याच्या आधी. जुळ्यांमध्ये वार मोठी असते, तिथे धोका वाढतो. पहिलटकरणीत तो जास्त असतो. आई किंवा बहिणीला झाला असेल तर जास्त. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, लठ्ठपणा, आधीचा उच्च रक्तदाब असेल तर जास्त. शांत स्वभावाच्या, सुखवस्तू घरातल्या, योगासने करणाऱ्या बाईलाही हा आजार होतो. ‘तूच टेन्शन घेतेस’ असे तिला ऐकवले की आजारासोबत दोषही तिच्याच पदरात पडतो.

आता सूज, मीठ आणि विश्रांती. पायावर सूज बहुतेक गरोदर बायकांना येते, कारण वाढलेले गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देते. जोडवी रुतू लागली, चपलेचा पट्टा घट्ट झाला, एवढ्यावरून काहीही ठरत नाही. म्हणूनच २००० सालापासून सूज हा निदानाचा निकष राहिलेला नाही. उलट बाजूने, सूज अजिबात नसलेल्या बाईलाही झटके येऊ शकतात. चेहरा एकाएकी सुजला, डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, हातातल्या बांगड्या दोन दिवसांत घट्ट झाल्या, तर रक्तदाब मोजायलाच हवा. पण निर्णय आकड्याने करायचा, सुजेने नव्हे.

मीठ बंद करण्याचा सल्ला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी. नेहमीच्या उच्च रक्तदाबाचा नियम इथे जसाच्या तसा चिकटवला जातो. प्रीएक्लॅम्प्सियात रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि रक्तातला द्रवभाग आधीच घटलेला असतो. मीठ तोडून किंवा लघवी वाढवणारी गोळी देऊन त्यात सुधारणा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या शिफारशींत हा आजार टाळण्यासाठी मीठ कमी करू नका, असे स्पष्ट म्हटले आहे. अळणी जेवणाने होते ते एवढेच, की आधीच मळमळणारी बाई आणखी कमी जेवते. (रोजच्या ताटातले लोणचे-पापड कुणालाही आवरते घ्यायला हरकत नाही, पण तो वेगळा विषय.) सक्तीच्या विश्रांतीचेही तेच. त्याच शिफारशी सांगतात, की हा आजार टाळण्यासाठी घरी पडून राहण्याचा आणि दाब वाढलेल्या बाईला सक्तीने अंथरुणावर ठेवण्याचा सल्ला देऊ नये. दोन महिने अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो.

यापेक्षा घातक गैरसमज म्हणजे ‘तिला काही त्रास नाही, चांगली ठणठणीत आहे’. वाढलेला रक्तदाब कळत नाही. १५०/१०० असताना बाई स्वयंपाक करते, शेतात जाते, लोकल पकडते. लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार पुढे गेलेला असतो, आणि तेव्हाही मराठी घरात त्यांना एक ठरलेले नाव तयार असते: पित्त. डोके ठणकते, पित्त असेल. उलटी झाली, पित्त पडले. छातीच्या खाली, उजव्या बरगडीपाशी दुखते, पित्ताने जळजळतेय. मग कोकम सरबत, ओवा, दुकानातली ॲसिडिटीची गोळी. या तिन्ही तक्रारी विसाव्या आठवड्यानंतर एकत्र आल्या तर तो यकृतावर आलेल्या सुजेचा आणि मेंदूवर आलेल्या ताणाचा निरोप असू शकतो. १९८२ मध्ये लुई वाइनस्टाइन यांनी ज्याला हेल्प सिंड्रोम हे नाव दिले त्या अवस्थेत लाल पेशी फुटतात, यकृत बिघडते आणि प्लेटलेट घसरतात. तिची सुरुवात पुष्कळदा अशा ‘पित्ता’नेच होते, काही बायकांत त्या वेळी रक्तदाब फारसा वाढलेलाही नसतो. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, अंधारी येणे, दोन-दोन दिसणे ही त्याच्याही पुढची पायरी. यावर घरचा उपाय नाही. रक्तदाब आणि रक्ताची तपासणी, दोन्ही त्याच दिवशी.

मोजणे हा या आजारातला सगळ्यात स्वस्त उपचार आहे, आणि नेमके तेच ढिसाळपणे होते. चढून आलेली, रांगेत तासभर उभी राहिलेली बाई खुर्चीच्या कडेवर टेकते न टेकते तोच पट्टा आवळला जातो. आकडा जास्त आला की ‘डाव्या कुशीवर झोपा, परत बघू’. कुशीवर झोपल्यावर वरचा दंड हृदयाच्या पातळीपेक्षा उंच जातो आणि आकडा आपोआप कमी भरतो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि कार्डावर तोच लिहिला जातो. योग्य रीत अशी: पाच मिनिटे बसवायचे, पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा दंडाच्या जाडीला साजेसा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. बाजारातली सगळी डिजिटल यंत्रे गरोदरपणासाठी तपासलेली नसतात; प्रीएक्लॅम्प्सियात काही यंत्रे खरा दाब कमी दाखवतात. आणि एखाद्या बाईच्या कार्डावर चौथ्या, पाचव्या, सहाव्या, सातव्या महिन्यात ओळीने १२०/८० असेच लिहिलेले असेल, तर तिचा रक्तदाब फार स्थिर आहे असे समजण्यापेक्षा तो मोजलाच गेला नाही असे समजणे जास्त शहाणपणाचे. खऱ्या माणसाचा रक्तदाब इतका शिस्तीत राहत नाही.

मोजमापाची साखळी तुटण्याचे एक खास मराठी ठिकाण आहे. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि मुलगी माहेरी जाते. हा आजार पहिलटकरणीत जास्त आणि शेवटच्या तिमाहीत जास्त. म्हणजे धोका सुरू होतो त्याच आठवड्यात दवाखाना, डॉक्टर आणि आशाताई बदलतात. जुने कार्ड सासरच्या कपाटात राहिले तर नव्या डॉक्टरला समोरचा १३६/८८ हा आकडा ‘ठीक’ वाटतो. पाचव्या महिन्यात तो १००/६० होता, हे त्याला कोणी सांगत नाही. माहेरी जाण्याला काहीच आक्षेप नाही, आईजवळची विश्रांती मोलाचीच. पण ओटीच्या सामानात माता व बालसंरक्षण कार्ड आणि सगळे जुने कागद असले पाहिजेत. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत ही साखळी दिवाळीच्या सुमाराला तुटते ती उन्हाळ्यापर्यंत जोडलीच जात नाही. तिथे दोष बाईचा नाही, तपासणी फडापर्यंत न नेणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

‘आमच्या वेळी कोण बीपी बघत होतं? आठ-आठ झाली’ हा युक्तिवाद ज्या बोलतात त्या वाचलेल्या असतात, एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्या गेल्या त्यांच्या मृत्यूला रक्तदाबाचे नाव नव्हते. ‘झटके येऊन गेली’, ‘बाहेरचं झालं’, ‘लागीर झालं’ असे म्हटले गेले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. एकेकाळी तिथेही हा आजार मृत्यूच्या आघाडीच्या कारणांत होता. २०१२-१४ मध्ये ते प्रमाण दहा लाखांत एकापेक्षाही खाली आले. महाराष्ट्रात २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले, देशात ९७. ही घट आपोआप झालेली नाही, आणि जगभरातल्या मातामृत्यूंपैकी सुमारे सातातला एक आजही रक्तदाबाच्या या विकारांमुळे होतो.

‘गोळ्यांनी बाळाला इजा होते’ या भीतीत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ती नीट उलगडायला हवी. काही गोळ्यांनी खरोखरच इजा होते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटांतली औषधे बाळाच्या मूत्रपिंडांना घातक असतात. ती आधीपासून घेणाऱ्या बाईने गर्भधारणेचा विचार सुरू होताच डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. पण लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही औषधे वर्षानुवर्षे गरोदरपणात वापरली गेली आहेत. यांची थेट तुलना करणारा एक महत्त्वाचा अभ्यास नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत झाला आणि २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. अतिशय वाढलेला रक्तदाब असलेल्या ८९४ बायकांना केवळ तोंडाने घ्यायची औषधे दिली गेली. सहा तासांत, दुष्परिणामाविना, निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ टक्के आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के बायकांचा दाब आटोक्यात आला. अतिदक्षता विभागातल्या पंपाशिवाय काही करता येत नाही, ही सबब तालुक्याच्या दवाखान्याला त्यानंतर उरली नाही. जुन्या उच्च रक्तदाबाबद्दलही अमेरिकेतल्या २०२२ च्या अभ्यासात दाब १४०/९० च्या खाली ठेवल्याने गुंतागुंत कमी झाली आणि बाळे लहान जन्मण्याचे प्रमाण वाढले नाही. बाळाची वाढ खुंटवते ती बिघडलेली वार. गोळीवर तिचा आळ येतो.

झटक्यांबाबत प्रतिवाद करण्यासारखे फार नाही, सांगण्यासारखे आहे. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, हातात लोखंडी किल्ली देणे, दातांत चमचा घालणे यातले काहीही करायचे नाही. डाव्या कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, १०८ ला फोन करायचा. औषध मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे दवाखान्यातले ‘मॅगसल्फ’. स्वस्त आणि जुने. भारतात ते सर्वमान्य व्हायला मात्र वेळ लागला. मद्रासचे कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये मांडलेली, झोप आणणाऱ्या तीन औषधांच्या मिश्रणाची पद्धत इथे कित्येक वर्षे रूढ होती, आणि तिने त्या काळात जीवही वाचवले. पण १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांतल्या सुमारे १,७०० बायकांवरच्या चाचणीत मॅगसल्फ हे डायझेपाम आणि फेनिटोइन या दोहोंपेक्षा सरस ठरले. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या चाचणीने दाखवले, की झटके येण्याआधीच ते दिले तर झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो. ‘श्वास बंद पडेल’ या भीतीने पहिला डोस न देताच बाईला जिल्ह्याच्या गावाला पाठवणे अजूनही घडते. गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण पाहत राहिले तर हे औषध सुरक्षित आहे, आणि उताराही हाताशी असतो: कॅल्शियम ग्लुकोनेट. पहिला डोस परिचारिकेने द्यायला सरकारी नियमांचीच मुभा आहे.

‘सिझर करायचं असतं म्हणून बीपी सांगतात’ हा संशय मात्र हवेतून आलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी ४७ टक्के सिझर होती, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. एवढ्या तफावतीचा खुलासा वैद्यकाने समाजाला द्यायला हवा. पण त्या संशयापोटी आकडाच नाकारणे हा आत्मघात. प्रीएक्लॅम्प्सियाचा कायमचा इलाज वार बाहेर येणे हाच आहे, आणि त्यासाठी सिझरच लागते असे नाही; कळा आणवून नेहमीसारखे बाळंतपण पुष्कळदा होते. ३७ आठवडे झाल्यावर वाट पाहण्यापेक्षा बाळंतपण उरकणे आईच्या हिताचे, हे २००९ च्या नेदरलँड्समधल्या चाचणीतून दिसले, आणि कळा आणवल्याने त्या बायकांत सिझर वाढलेही नाही. ‘नऊ महिने नऊ दिवस भरू दे’ हा हट्ट इथे चालत नाही. विचारायचाच तर प्रश्न असा विचारावा: आकडा किती, प्लेटलेट किती, कळा का आणवत नाही?

बाळंत झाली की सुटली, ही शेवटची समजूत. सर्वाधिक रक्तदाब पुष्कळदा बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी भरतो. तोवर बाई घरी आलेली असते. बाळंतिणीच्या खोलीत तिचे डोके दुखले तर कारणे तयार असतात: जागरण झाले, कानाला रुमाल बांधला नाही, वारे लागले. सहा आठवड्यांपर्यंत झटके येऊ शकतात, आणि ज्यांचा दाब गरोदरपणात कधीच वाढला नव्हता अशाही बायकांना येतात. पहिल्या आठवड्यात किमान एकदा-दोनदा आशाताईच्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आईचा रक्तदाबही घेतला गेला पाहिजे. गोळ्या अंगावरच्या दुधाला बाधक नसतात. त्या स्वतःहून बंद करायच्या नसतात.

बारा आठवड्यांनंतरही दाब उतरला नाही तर तो जुना आजार समजून उपचार चालू राहतात. उतरला तरी हिशेब संपत नाही: प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढे कायमचा उच्च रक्तदाब होण्याची शक्यता तिप्पट-चौपट आणि हृदयविकाराची सुमारे दुप्पट असते. तिचा रक्तदाब दरवर्षी मोजावा लागतो, आणि चाळिशीत छातीत दुखले तर बाळंतपणाची ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी लागते. पुढच्या गरोदरपणासाठी दोन गोष्टी उपलब्ध आहेत. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांना कॅल्शियमच्या गोळ्यांनी धोका घटतो. सरकारी कार्यक्रमात त्या चौथ्या महिन्यापासून रोज दोन मिळतात, फक्त लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी घ्यायच्या नाहीत. दुसरी कमी मात्रेची ॲस्पिरिन. २०१७ च्या युरोपातल्या चाचणीत धोका जास्त असलेल्या बायकांना रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावे लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने बाराव्या आठवड्याच्या सुमारास, उशिरात उशिरा सोळाव्याच्या आत सुरू करायची असते, कारण वारेचे काम तेव्हाच चाललेले असते. पाचव्या महिन्यात नाव नोंदवणाऱ्या बाईला तिचा तेवढा फायदा मिळत नाही.